ज्येष्ठांना घेऊन दक्षिण मुंबईची संध्याकाळची सफर: वेळ, मार्ग आणि मार्गदर्शक

प्रश्न – सांगलीकर

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातील सुमारे पंचवीस जण येत्या जानेवारीच्या मध्यावर मुंबईला येणार आहेत. यांपैकी बहुतेकांनी मुंबई पाहिली ती मंत्रालयातील खेपा, रुग्णालयातील आप्तांची विचारपूस आणि दादर-गिरगावातील लग्नकार्ये यांच्या निमित्ताने. त्यामुळे सीएसएमटीवर उतरून टॅक्सी गाठण्याच्या घाईत त्या इमारतीकडे मान वर करून पाहण्याचे राहूनच गेले, असे आमच्यापैकी अनेक जण म्हणतात. म्हणून एक पूर्ण संध्याकाळ केवळ जुन्या कोटाच्या, म्हणजे फोर्टच्या, परिसरात, शक्यतो वाहनात बसून आणि जाणकार मार्गदर्शकासोबत, फिरावे असा विचार आहे.

पूर्वी गेटवेहून उघड्या छताची दुमजली बस निघत असे. ती बंद झाल्याचे ऐकतो. घोड्याच्या व्हिक्टोरिया बग्ग्याही आता दिसत नाहीत म्हणे. तेव्हा स्वतंत्र गाडी ठरवावी का, किती वाजता निघावे, कोणत्या क्रमाने फिरावे आणि मार्गदर्शक निवडताना काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मंडळींचे वय पासष्ट ते चौऱ्याऐंशी आहे. तिघांचे गुडघे दुखतात, म्हणून चढउतार बेताचीच हवी. दिव्यांची रोषणाई पाहण्याची मात्र सर्वांना फार हौस आहे.

उत्तर – गिरगावकर

आपण ऐकले ते खरे आहे. पर्यटन विकास महामंडळाची ‘निलांबरी’ म्हणून जी बस लोकांच्या स्मरणात आहे, ती बेस्टची उघड्या छताची दुमजली गाडी होती. आयुर्मान संपल्यामुळे बेस्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या साध्या दुमजली गाड्या आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये उघड्या छताच्या गाड्या सेवेतून काढल्या. त्यांच्या जागी आलेल्या विजेवरच्या दुमजली गाड्या वातानुकूलित, म्हणजेच बंद काचांच्या आहेत. घोड्यांच्या व्हिक्टोरियांवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली, आणि २०२१ पासून विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या असल्या तरी पंचवीस जणांच्या गटाला त्यांचा उपयोग नाही. तेव्हा स्वतंत्र गाडी ठरवणे हाच सोयीचा मार्ग होय. ठरवताना एकच आग्रह धरावा: काळ्या काचांची वातानुकूलित गाडी न घेता सरकत्या खिडक्यांची साधी मिनीबस घ्यावी. जानेवारीत संध्याकाळी वारा सुखद असतो, आणि काळ्या काचेतून रोषणाई पाहण्यासाठी सांगलीहून येण्याचे कारण नाही.

आता वेळेविषयी. ‘संध्याकाळची सफर’ म्हटले की लोक सात वाजता निघतात, आणि माझ्या मते तिथेच अर्धी सफर वाया जाते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह ही सारी रांग पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. उतरते ऊन मैदानावरून थेट त्यांच्या दर्शनी भागावर पडते, तेव्हा कमानी, जाळ्या आणि कोरीव पाने यांची खोली डोळ्यांना कळते. अंधारात खालून दिव्याचा झोत टाकला की तीच भिंत सपाट दिसते आणि सावल्या भलत्याच दिशेला पडतात. म्हणून पावणेपाचला ओव्हलपाशी पोहोचावे आणि अर्धा तास तिथेच घालवावा. मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातील भौमितिक नक्षीच्या शैलीतल्या, इमारतींची रांग त्या वेळी सावलीत असते, पण पाठ वळवली की तीही दिसते. पूर्वेकडच्या टोकदार कमानींच्या गॉथिक आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींचा हा समोरासमोरचा संच २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

तेथून वीर नरिमन मार्गाने मरीन ड्राइव्ह गाठावा. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. त्या दिवसांत तो दक्षिणेकडे सरकलेला असल्याने चर्चगेटच्या बाजूने पाहताना मलबार हिलच्या आड न जाता मोकळ्या समुद्रात उतरताना दिसतो, आणि हे भाग्य जूनमध्ये येणाऱ्यांना लाभत नाही. दिवे लागले की गाडी उत्तरेकडे न्यावी, मेट्रो चित्रपटगृहाकडून महापालिका मार्गाला यावे आणि सीएसएमटीसमोर पोहोचावे. तोवर सात वाजलेले असतील आणि स्थानक पूर्ण उजळलेले असेल. पुढे दादाभाई नौरोजी मार्ग, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक सोसायटीचे सभागृह (टाउन हॉल), नौदल गोदीचे लायन गेट, काळा घोडा आणि शेवटी गेटवे असा क्रम ठेवावा. एकदिशा मार्गांमुळे चालकाला एखाद-दुसरा वळसा पडेल, तो आधीच त्याच्याशी बोलून ठेवावा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. या क्रमाने गेल्यास मरीन ड्राइव्हवर समुद्र डाव्या हाताला, महापालिका मार्गावर सेंट झेवियर्स, कामा रुग्णालय आणि पालिकेचे मुख्यालय डाव्या हाताला, आणि पुढे सीएसएमटी व एशियाटिकही डाव्याच हाताला येतात. उजव्या खिडक्यांना आझाद मैदानावर समाधान मानावे लागते. तेव्हा सीएसएमटीपाशी सर्वांनी जागा बदलाव्यात, असे निघतानाच जाहीर करून टाकावे. नाहीतर परतीच्या प्रवासात साऱ्या घाटभर हाच विषय चालेल.

उत्तर – जुना वाटाड्या

मी या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून मार्गदर्शकाविषयी लिहितो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले मार्गदर्शक मुंबईत आहेत आणि त्यांच्यात मराठीतून उत्तम बोलणारेही आहेत. परवाना पाहून घ्यावाच, परंतु त्याने माणसाची पारख होत नाही. दूरध्वनीवर एक साधा प्रश्न विचारून पाहावा: ‘ताज आधीचे की गेटवे?’ जो अडखळेल त्याला नमस्कार करून दुसरा पाहावा.

ताज हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. राजे पाचवे जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ताज तिथे होते. गेटवे नव्हते, होता तो त्या प्रसंगापुरता उभारलेला मंडप. दगडी कमान त्या भेटीच्या स्मरणार्थ, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि डिसेंबर १९२४ मध्ये खुली झाली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. राजाच्या आगमनाची खूण म्हणून बांधलेली वास्तू चोवीस वर्षांत त्याच राज्याच्या निरोपाची खूण झाली. हे नीट सांगितले तर गेटवेसमोर दुसऱ्या कोणत्याही कथेची गरज उरत नाही.

तरीही कथा सांगितल्या जातातच. ताजचा आराखडा उलटा बांधला गेला आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. प्रत्यक्षात इमारतीचा मोकळा चौक शहराकडे ठेवलेला होता आणि मूळ प्रवेशही त्याच बाजूने होता. गेटवे झाल्यावर सगळ्यांच्या नजरा समुद्राच्या बाजूला वळल्या, म्हणून आज ते उलटे वाटते. आराखडा करणाऱ्यांत प्रमुख होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्या निधनानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. हेच वैद्य आधी सीएसएमटीचा आराखडा करणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे सहायक होते. म्हणजे मुंबईच्या दोन सर्वांत परिचित इमारतींच्या उभारणीत एका मराठी माणसाचा हात आहे. मराठी गटासमोर बोलणारा मार्गदर्शक आत्महत्येची कथा रंगवतो आणि हे नाव गाळतो, याचे मला आजही नवल वाटते.

दुसरी कथा सीएसएमटीची. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाचा आराखडा चुकून मुंबईला आला आणि मुंबईचा तिकडे गेला, असे ठासून सांगणारे भेटतात. सीएसएमटीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्याची स्पर्धाच १८९९ मध्ये झाली. मुंबईचे स्थानक बांधून अकरा वर्षे झाल्यावर आराखड्यांची अदलाबदल कशी व्हावी?

शेवटची सूचना. गाडी चालू असताना मार्गदर्शकाने शक्यतो गप्प राहावे, असे त्याला आधीच सांगावे. चालत्या गाडीत तो डावीकडचे दाखवतो, वाक्य पूर्ण होईपर्यंत ते मागे पडते, आणि मागच्या बाकावरच्यांना पुढच्याच इमारतीला मागचे नाव चिकटवण्याची वेळ येते. थांबल्यावर पाच मिनिटे बोलावे, मग दहा मिनिटे पाहू द्यावे. कर्कश कर्णा आणला असेल तर तो चालकाच्या आसनाखाली ठेवून द्यावा.

उत्तर – रात्रपाळी

गिरगावकरांनी सांगितलेला मार्ग उत्तम आहे, पण त्यांनी वार सांगितलेला नाही, आणि माझ्या मते घड्याळापेक्षा वार महत्त्वाचा आहे. कामाच्या दिवशी पाच ते साडेसात या वेळेत फोर्टातील कार्यालये सुटतात आणि चर्चगेट व सीएसएमटी या दोन टोकांकडे माणसांचे लोंढे निघतात. त्या गर्दीत मिनीबस हुतात्मा चौकात अडकली की तीस मिनिटे फक्त समोरच्या बसची जाहिरात वाचत बसावे लागते. चढत्या वयाच्या माणसांना रस्ता ओलांडवणे तर विचारूच नका.

मी अनेक वर्षे फोर्टातील एका छापखान्यात रात्री काम केले आहे. रविवारी संध्याकाळी दादाभाई नौरोजी मार्ग, हॉर्निमन सर्कल आणि बॅलार्ड इस्टेट जवळजवळ मोकळी असतात. दुकाने बंद, फेरीवाले तुरळक, त्यामुळे एरवी पथाऱ्यांच्या ताडपत्र्यांनी झाकलेल्या कमानी जमिनीपासून वरपर्यंत दिसतात. बॅलार्ड इस्टेट आपल्या मार्गात नाही, ती जरूर घालावी: तीही विटेट यांचीच आखणी, एका मापाच्या दगडी इमारती, आणि रविवारी रात्री गाडी हळू चालवली तरी मागून कोणी हॉर्न वाजवत नाही.

रविवारी मरीन ड्राइव्ह आणि गेटवे यांवर मात्र सारे शहर लोटते. म्हणून गेटवे शेवटी ठेवण्यास माझा विरोध आहे. आठ वाजता थकलेल्या मंडळींना त्या रेट्यात उतरवण्यात काय मौज? गेटवे दुपारी चारला उरकावे, तेथूनच ओव्हलला जावे आणि सफर बॅलार्ड इस्टेटमध्ये संपवावी. रोषणाईसाठी सीएसएमटी आणि पालिकेचे मुख्यालय पुरेसे आहे. एकाच चौकात स्टीव्हन्स यांच्या दोन इमारती एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत, एक १८८८ ची आणि दुसरी १८९३ ची, आणि दोन्ही उजळलेल्या असतात.

सांगलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवार नक्की केला आहे. आमच्यातील एक सदस्य विद्यार्थिदशेत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत सहभागी झाले होते, आणि बाकी काही दाखवा न दाखवा, हुतात्मा चौकात मला उतरवा, असे त्यांनी बजावले आहे. तिथे गाडी थांबवता येईल का? शिवाय आमच्या सदस्यांपैकी दोघी निवृत्त शिक्षिका आहेत. इमारतींकडे नेमके काय पाहायचे हे आधी समजले तर बरे, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर – दगडफूल

हुतात्मा चौकात रविवारी माणसे उतरवण्यापुरती गाडी थांबवता येते. ती उभी करून ठेवू मात्र देत नाहीत, म्हणून चालकाला एक फेरी मारून परत यायला सांगावे. हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे स्मारक आणि फ्लोरा फाउंटन शेजारी शेजारी आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात मोर्चेकऱ्यांवर गोळीबार झाला. आपल्या सदस्यांना मार्गदर्शकाऐवजी स्वतःच बोलू द्यावे, असे मला वाटते. कारंजे १८६४ चे आहे. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता, आणि ते उभे आहे त्या भागातच कोटाचे चर्चगेट हे द्वार होते. त्या द्वारातून आत सरळ गेले की १७१८ मधले सेंट थॉमस चर्च, म्हणून ते नाव. रेल्वे स्थानक आज त्या जागेपासून बरेच दूर असले तरी नाव तेच चालू आहे.

शिक्षिकाबाईंसाठी थोडे सविस्तर लिहिते. या साऱ्या इमारती थोड्याच दशकांच्या अंतराने का उभ्या राहिल्या, हे आधी समजून घ्यावे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोटाचे तट पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची आखणी झाली. राजाबाई टॉवर हा त्या पैशाचा सर्वांत उंच पुरावा. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली, मनोऱ्याला आईचे नाव दिले. युद्ध संपताच कापसाचा बाजार कोसळला आणि त्यात ते स्वतः बुडाले, पण मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ८५ मीटर उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या २४ मूर्ती कोरलेल्या आहेत. आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधीच आले नाहीत. दुर्बीण असेल तर ती सीएसएमटीऐवजी इथे बाहेर काढावी, आणि उजेड असतानाच, कारण त्या मूर्ती रात्री ओळखू येत नाहीत.

दुसरे पाहायचे ते दगड. आपण सांगलीहून येता, म्हणजे काळा बेसॉल्ट आपल्या परिचयाचाच आहे. घाटावरच्या वाड्यांचा आणि मंदिरांचा तोच दगड इथे भिंतींच्या मजबुतीसाठी वापरला आहे. बारीक कोरीव कामासाठी मात्र तो फार कठीण, म्हणून कमानी, नक्षी आणि मूर्ती यांसाठी पोरबंदरचा मऊ फिका चुनखडक आणला. मालाडचा पिवळसर दगड तिसरा. एकाच भिंतीत हे रंग कुठे बदलतात ते पाहिले की गवंड्याचे काम कुठे संपले आणि मूर्तिकाराचे कुठे सुरू झाले, ते कोणी न सांगता कळते.

सीएसएमटीच्या प्रवेशद्वारापाशी दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेले दिसतील, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. घुमटावर उभी असलेली स्त्रीमूर्ती ‘प्रगती’ची. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीशी संबंधित व्यक्तींचे अर्धपुतळे आहेत आणि त्यांत जगन्नाथ शंकरशेटही आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, त्या रेल्वेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. कोरीव कामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता, त्यामुळे इंग्रजी कमानींच्या बेचक्यांत मोर, माकडे आणि इथल्या झाडांची पाने सापडतात. खांबांचे माथे एकेक करून पाहावेत, हे काम नातवंडांइतकेच आजी-आजोबांनाही आवडते.

काळ्या घोड्यापाशी मंडळी नक्की विचारतील, म्हणून सांगून ठेवते. सध्याचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आणि स्वाराविना आहे. मूळ पुतळ्यावर युवराज असतानाचे सातवे एडवर्ड बसलेले होते, आणि तो १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला आहे.

रात्रपाळी यांच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. गेटवे चार वाजता उरकले तर ज्या माणसाने आयुष्यभर ते फक्त चित्रात पाहिले, त्याला ते उन्हाच्या तिरपीत आणि फुगेवाल्यांच्या गर्दीत दिसेल. त्यापेक्षा रात्री साडेआठनंतर गाडीतूनच दुरून पाहावे, ज्यांना उतरायचे त्यांनी उतरावे.

उत्तर – गिरगावकर

दगडफूल यांचे म्हणणे मला पटते. गेटवे शेवटीच असू द्यावे आणि उतरण्याची सक्ती नसावी. बॅलार्ड इस्टेट हॉर्निमन सर्कलनंतर सहज बसते, त्यासाठी पंधरा मिनिटे जास्त धरावीत.

ज्या गोष्टीचा उल्लेख कोणी संकोचाने केला नाही, ती सांगतो. पाच ते नऊ हा चार तासांचा कार्यक्रम आहे आणि वय पाहता स्वच्छतागृहाची सोय आधी ठरवलीच पाहिजे. काळ्या घोड्याजवळचे संग्रहालय सहाला बंद होते, त्याच्या भरवशावर राहू नये. ओव्हलहून निघताना चर्चगेट स्थानकात आणि सातच्या सुमारास सीएसएमटीत, असे दोन थांबे धरून चालावे. सीएसएमटीत एक पंथ दोन काज होतात, कारण उपनगरी तिकीटघराच्या भव्य दालनाचे छत आतूनच पाहण्यासारखे आहे. फलाट तिकिटे आधी काढून ठेवावीत.

एकूण उतरणे चार ठिकाणी ठेवावे: ओव्हल, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना दाराजवळच्या जागा द्याव्यात आणि सोबत एक छोटे प्लास्टिकचे स्टूल ठेवावे, कारण मिनीबसची पहिली पायरी पदपथापासून दूर पडली तर ती फार उंच होते. एशियाटिकच्या पायऱ्या खालूनच पाहाव्यात. गेटवेच्या आवारात जाताना सुरक्षा तपासणी होते, म्हणून पिशव्या, डबे आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या गाडीतच ठेवाव्यात आणि चालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्या गर्दीत गाडी जिथे सोडते तिथेच परत मिळत नाही.